हरवलेली माणसं शोधताना पोलीस काय करतात आणि संस्था काय करतात?

रानवारा

ग्रुपवर सारखे फोटो येतात, "हे आजोबा सकाळपासून बेपत्ता आहेत, जास्तीत जास्त शेअर करा", आणि आपण शेअर करतोही. पण पुढे काय होतं ते कधीच कळत नाही. सापडले का, कोणी शोधलं, कसं शोधलं. म्हणून हा धागा.

माझा प्रश्न असा की तक्रार पोलिसांत झालेलीच असते, मग स्वयंसेवी संस्था नेमकं वेगळं काय करतात? पोलीस त्यांना माहिती देतात का? की दोघं आपापल्या परीने शोधत बसतात? माझं आत्ताचं मत विचाराल तर शोध हे पोलिसांचंच काम आहे, अधिकार त्यांच्याकडे, यंत्रणा त्यांच्याकडे, त्यात चार संस्था आल्या की घरच्यांना कुणाकुणाला फोन करायचे तेच कळत नाही. ज्यांनी या कामात भाग घेतलाय किंवा ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी लिहावं. इतरांनीही लिहावं.

मनमौजी

वाचतोय. २४ तास झाल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत ना पण? मग तोवर संस्थाच बऱ्या की.

जुना_अंमलदार

@मनमौजी, २४ तास थांबा असा कुठलाही नियम नाही. हे लोकांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की माणसं स्वतःच दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघतात आणि नेमके पहिले काही तास वाया जातात. मी पोलीस खात्यातून निवृत्त झालोय, ठाणे अंमलदार म्हणून बराच काळ टेबलावर बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माणूस १८ वर्षांवरचा असेल तर 'मनुष्य मिसिंग' दाखल होते, त्याचा नंबर पडतो, तो नंबर घरच्यांनी लिहून घ्यायचा. १८ च्या आतलं मूल असेल तर नुसती मिसिंग नाही, थेट गुन्हा. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने मे २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर झालाच पाहिजे आणि उलट सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा तस्करी झालीय असंच धरून तपास करायचा. ही याचिका कोणी केली बघा, एका संस्थेने. म्हणजे रानवारा ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

आता पोलिसांकडे काय असतं? मोबाईलचं लोकेशन आणि सीडीआर (कोणाला कधी फोन झाले त्याची नोंद), सीसीटीव्ही फुटेज मागायचा अधिकार, इतर ठाण्यांना आणि जिल्ह्यांना संदेश, दवाखाने, आणि लिहायला जड जातं पण अकस्मात मृत्यूचं रजिस्टर. अनोळखी मृतदेहाचं वर्णन मिसिंगच्या वर्णनाशी ताडून बघणं हे रोजचं काम आहे. यातलं काहीही संस्थेला करता येत नाही आणि करूही नये.

पोलिसांकडे काय नसतं? वेळ. तपास ज्याच्याकडे असतो त्याच हवालदाराकडे बंदोबस्त असतो, कोर्टाच्या तारखा असतात, समन्स बजावणी असते. आणि बदली होते.

एक विनंती सगळ्यांना. वर्णन देताना "रंग गोरा, बांधा मध्यम" याने काही होत नाही. जुनी जखम कुठे आहे, कुठला दात पडलाय, गोंदण, चालताना कुठला पाय ओढतात, घरातून निघताना पायात काय होतं, हे सांगा. आणि लग्नातला नटूनथटून काढलेला फोटो देऊ नका, साधा, अलीकडचा, घरातल्या कपड्यातला द्या.

स्वराली

+१ जुना_अंमलदार. लग्नातल्या फोटोचं अगदी खरं.

पाऊलवाट

मी रेल्वे स्टेशनवर घरातून निघून आलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत कार्यकर्ती आहे, त्यामुळे मुलांपुरतं लिहिते.

मूल हरवलंय म्हणून कोणीतरी शोधतंय ही एक बाजू झाली. दुसरी बाजू म्हणजे मूल सापडलंय पण ते कोणाचं ते माहीत नाही. आमचं काम बहुतेक या दुसऱ्या बाजूचं. फलाटावर एकटं फिरणारं मूल खाकी वर्दी दिसली की एकतर पळतं नाहीतर खोटं नाव सांगतं. घरी मार बसेल, शाळेत परत घालतील, किंवा ज्याच्यामुळे घर सोडलं तोच माणूस घ्यायला येईल ही भीती असते. आम्हालाही पहिल्या दिवशी खरं नाव सांगत नाहीत. पण आम्ही दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो, तिसऱ्याही.

एका मुलाची गोष्ट सांगते, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. गावाचं नाव रोज वेगळं सांगायचा. एकदा चित्र काढताना त्याने घर काढलं आणि घरामागे उंच धुराडं काढलं. मी विचारलं हे काय, तर म्हणाला त्याचा भोंगा वाजला की आई उठते. मग हळूहळू निघालं की भोंगा सगळे महिने वाजत नाही. म्हणजे साखर कारखाना असणार. शाळेच्या शर्टाचा रंग, बस कुठल्या पुलावरून जाते, नदी डाव्या हाताला की उजव्या. हे सगळं कागदावर लिहून आम्ही पोलिसांकडे दिलं, त्यांनी त्या पट्ट्यातल्या ठाण्यांना फोन लावले, आणि एका ठाण्यात तक्रार होती. आम्ही ते फोन लावले असते तर कोणी माहिती दिली नसती, देऊही नये. आणि पोलिसांनी त्या मुलाला विचारलं असतं तर भोंग्याबद्दल कळलं नसतं.

कायद्याने असं मूल सापडलं की २४ तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. पोलीस असोत, संस्था असो, नाहीतर तुमच्यासारखा प्रवासी, एकटं मूल दिसलं तर कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, बालन्याय कायदा २०१५. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन लक्षात ठेवा. घरी कोणाच्या ताब्यात द्यायचं ते समिती ठरवते, आम्ही नाही, पोलीसही नाहीत.

टिंगूमास्तर

पाऊलवाट, सलाम. माझ्या मुलीला शाळेचा पत्ता विचारला तर "वडापाववाल्याच्या समोर" एवढंच सांगते, आता वाटतंय तेही कधी कामाला येईल :)

पाऊलवाट

@टिंगूमास्तर हो, नक्की येईल! पण तिच्याकडून एक फोन नंबर तेवढा पाठ करून घ्या, गाण्यासारखा म्हणून घेतला की मुलांना पटकन जमतो.

केदार_यूके

इथली पद्धत सांगतो, तुलनेला उपयोगी पडेल. ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे १,७०,००० माणसं हरवल्याची नोंद होते. बहुतेक लवकर सापडतात, पण आकडा मोठाच आहे. 'मिसिंग पीपल' नावाची संस्था १९९३ पासून आहे, ११६ ००० ही त्यांची मोफत हेल्पलाईन. त्यांचं आणि पोलिसांचं एक काम मला फार विचारपूर्वक केलेलं वाटतं. पोलिसांनी विनंती केली की संस्था हरवलेल्या माणसाच्या मोबाईलवर मेसेज पाठवते, आम्ही पोलीस नाही, तू ठीक आहेस का, बोलावंसं वाटलं तर या नंबरवर बोल. पोलिसांचा मेसेज बघून जो फोन बंद करेल तो इथे कदाचित उत्तर देईल.

दुसरं म्हणजे हर्बर्ट प्रोटोकॉल. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाच्या घरच्यांनी आधीच एक फॉर्म भरून ठेवायचा, फोटो, औषधं, जुनी घरं, जुनी नोकरी कुठे होती, कुठे फिरायला आवडायचं. नॉर्मंडीच्या लढाईत उतरलेले जॉर्ज हर्बर्ट नावाचे सैनिक होते, उतारवयात त्यांना हा आजार झाला, त्यांच्या नावावरून. माणूस हरवला की तो फॉर्म पोलिसांच्या हातात द्यायचा, म्हणजे घाबरलेल्या बायकोला किंवा मुलाला त्या क्षणी आठवत बसावं लागत नाही. ही माणसं बरेचदा जुन्या घराकडे किंवा जुन्या कामाच्या ठिकाणाकडे निघालेली असतात.

तिसरं जरा वादाचं. सज्ञान माणूस सापडला आणि म्हणाला की घरच्यांना पत्ता सांगू नका, तर पोलीस घरच्यांना "सुखरूप आहे" एवढंच सांगतात. निरोप पोचवायचा असेल तर संस्था पोचवते.

मनस्विनी

केदार, पहिल्या दोन गोष्टी पटल्या, तिसरी अजिबात नाही. माझा भाऊ महिनोन्महिने नसेल, आई रात्र रात्र जागी असेल आणि पोलीस म्हणणार सुखरूप आहे पण कुठे ते सांगणार नाही? रक्ताच्या माणसाला एवढाही हक्क नाही?

सुमेधा_वकील

मनस्विनी, तुझी तगमग समजते. पण मी जी प्रकरणं बघते त्यात दुसरी बाजू रोज दिसते. नवरा मारतो म्हणून बाई निघून जाते आणि नवराच मिसिंग दाखल करतो. आईवडिलांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलेली २२ वर्षांची मुलगी असते, घरचे "मुलगी बेपत्ता, मानसिक स्थिती ठीक नाही" असा फोटो व्हायरल करतात. तो फोटो आपण सगळे चांगल्या मनाने पुढे पाठवतो आणि ती ज्या माणसांपासून लपलीय त्यांच्यासाठी शोध सोपा करून देतो.

म्हणून जबाबदार संस्था पोलिसांत नोंद झाल्याशिवाय पोस्टर काढत नाही. तपास अधिकाऱ्याशी बोलते, मग ठरवते. आणि पोलिसांनीही त्या व्यक्तीला एकटीला भेटून, घरचे समोर नसताना, विचारलं पाहिजे. सज्ञान व्यक्ती स्वखुशीने गेली असेल तर तिचा जबाब घेऊन मिसिंग बंद होते, तिला ओढून घरी आणता येत नाही.

मनस्विनी

व्हायरल फोटोचा हा विचार मी केला नव्हता. तरी आईच्या बाजूने बोलणारं कोणी हवंच.

सुमेधा_वकील

हवंच. आणि ते काम संस्थेचा समुपदेशक पोलिसांपेक्षा जास्त चांगलं करतो. निरोप नेणं, उत्तर आलं तर आणणं, नाही आलं तरी आईला फोन करत राहणं.

किशोर_मा

माझा अनुभव कडू आहे, तरी लिहितो. नात्यातली १५ वर्षांची मुलगी क्लासवरून परत आली नाही. ज्या ठाण्यात गेलो तिथे सांगितलं क्लास आमच्या हद्दीत नाही. दुसरीकडे गेलो तर म्हणे घर ज्या हद्दीत तिथे जा. मग "कोणाबरोबर गेली असेल, येईल दोन दिवसांत". मुलीच्या आईसमोर हे बोलले. शेवटी एका संस्थेची ताई आली, तिच्या पिशवीत त्या २०१३ च्या निकालाची झेरॉक्स होती. तिने आवाज चढवला नाही, कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली साहेब हे वाचा आणि नाही घेणार असं लेखी द्या. अर्ध्या तासात गुन्हा दाखल झाला. मुलगी सापडली, ठीक आहे, जास्त लिहीत नाही.

तर संस्था काय करते? आमच्यापुरतं सांगायचं तर आमच्या बाजूने उभी राहिली.

जुना_अंमलदार

किशोरभाऊ, हे व्हायला नको होतं. हद्दीचं कारण सांगून परत पाठवणं चूक आहे, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवून मग हद्दीच्या ठाण्याकडे वर्ग करता येतो, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये ते आता लिहूनच आलंय. ठाण्यात घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट. पण मूल हरवलेलं असताना एवढी पायपीट कोणी करायची हा तुमचा राग रास्त आहे. त्याच निकालात प्रत्येक ठाण्यात विधी सेवा प्राधिकरणाचा (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) एक स्वयंसेवक असावा, मुलांच्या तक्रारींवर त्याने लक्ष ठेवावं, असंही म्हटलंय. जिथे तो खरोखर बसतो तिथे फरक पडतो.

अनुस्वार

एवढं तंत्रज्ञान आलंय तर चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर लावून सगळी मुलं जुळवून का नाही टाकत?

बिटबाईट

प्रयत्न झालाय. २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी बालगृहांमध्ये राहणाऱ्या मुलांचे फोटो हरवलेल्या मुलांच्या फोटोंशी जुळवले, चार दिवसांत २,९३० मुलं ओळखली अशी बातमी होती. पण पुढे हायकोर्टात त्याच यंत्रणेची अचूकता फारच कमी असल्याचं समोर आलं. मुलांचे चेहरे भराभर बदलतात, पाचव्या वर्षीचा फोटो आणि अकराव्या वर्षीचं मूल, मशीनने काय जुळवायचं. आधारचा उपयोग मात्र झालेला आहे. बालगृहातल्या मुलाचं आधार काढायला जातात, बोटांचे ठसे आधीच नोंदलेले निघतात, अर्ज नाकारला जातो, आणि त्यावरून जुनी नोंद आणि घर सापडतं. अर्थात त्यासाठी कोणीतरी हात धरून त्या मुलाला केंद्रावर न्यावं लागतं, आणि बरेचदा ते संस्थेचे लोकच नेतात.

अमृता_नि

मुलांबद्दल भरपूर आलं, रस्त्यावर फिरणाऱ्या मनोरुग्णांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात आहे. केस वाढलेले, अंगावर चिंध्या, आपण ज्यांना बघून रस्ता बदलतो, त्यातले कितीतरी जण कुठल्या तरी ठाण्याच्या मिसिंग रजिस्टरमध्ये आहेत. दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या भाषेत. घरचे शोधून थकलेले असतात आणि हा माणूस हजार किलोमीटरवर फुटपाथवर असतो.

डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये श्रद्धा पुनर्वसन केंद्राचं काम सुरू केलं, कर्जतला त्यांचं केंद्र आहे, २०१८ मध्ये डॉ. भरत यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आधी उपचार, मग घर, ही त्यांची पद्धत. औषध लागू पडलं की काही आठवड्यांनी माणूस स्वतःच गावाचं नाव सांगतो, कधी भावाचं, कधी शाळेचं. मग त्या भागातल्या पोलीस ठाण्यात फोन करून खात्री करतात, आणि कार्यकर्ता सोबत औषधं घेऊन घरापर्यंत सोडायला जातो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० वाचा. असा निराधार फिरणारा माणूस दिसला तर त्याला संरक्षणात घेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं, हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करायची आणि कुटुंब शोधायचं. हे बऱ्याच ठाण्यांत माहीतच नसतं. आम्ही सांगतो तेव्हा बहुतेक अधिकारी ऐकतात, त्यांनाही या माणसाला कुठे न्यायचं हा प्रश्न पडलेलाच असतो. उपचार करणारी जागा हाताशी असली की पोलीस स्वतःहून फोन करतात असा अनुभव आहे.

टेकडीवरचा

अवांतर: कुंभमेळ्यात प्रयागराजला भुले-भटके शिबिर असतं, १९४६ पासून स्वयंसेवक चालवतात. लाऊडस्पीकरवरून नाव, गाव, कपड्यांचा रंग पुकारायचा आणि हरवलेल्यांना तिथे बसवून घ्यायचं. आता पोलिसांची संगणकीकृत खोया-पाया केंद्रंही असतात.

पाऊलवाट

हे अवांतर नाही हो. हरवलेल्याने आणि शोधणाऱ्याने दोघांनी एकाच जागी यायचं, एवढं ठरलेलं असलं की निम्मं काम होतं. शहरात तेच नसतं. ठाणी वेगळी, संस्था वेगळ्या, नोंदी वेगळ्या.

निशिगंध

आमचे मामा गेले ते आलेच नाहीत. बरीच वर्षं झाली. मला एवढंच सांगायचंय की पोलिसांनी काही केलं नाही असं आम्ही म्हणणार नाही, पहिल्या साहेबांनी जीव तोडून शोधलं. मग त्यांची बदली झाली. नवीन साहेबांना पहिल्यापासून सांगायचं, त्यांचीही बदली झाली. दर वेळी मामी तेच सांगायची, शर्ट कुठला होता, शेवटचं काय बोलले. एका संस्थेत मात्र एकच कार्यकर्ता पहिल्यापासून आहे. त्याला मामीला काही विचारावं लागत नाही. कुठे अनोळखी माणूस सापडल्याचं कळलं तर तो आधी स्वतः जाऊन बघतो, ठाण्यातून माहिती घेतो, आणि जुळत असेल तरच आम्हाला फोन करतो. मामीला उगाच शवागारात जावं लागू नये म्हणून.

स्वराली

निशिगंध 🙏 शब्द नाहीत.

जुना_अंमलदार

निशिगंध ताई, बदलीचं तुम्ही लिहिलंत ते माझ्याही मनाला लागून राहिलेलं आहे. फाईल पुढे जाते, पण फाईलमध्ये सगळं उतरत नाही.

यावरून अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यातले सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले आठवतात. २००८ ते २०१५ या काळात हरवलेल्या १६६ मुलींपैकी १६५ त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शोधल्या. जानेवारी २०१३ मध्ये बेपत्ता झालेली एक राहिली. २०१५ मध्ये निवृत्त झाले तरी तिचा फोटो खिशात ठेवून विचारपूस करत राहिले. ती ऑगस्ट २०२२ मध्ये सापडली. कशी, तर इंटरनेटवर राहिलेलं तिचं जुनं पोस्टर कोणीतरी तिला दाखवलं आणि त्यावर दिलेल्या नंबरांपैकी शेजाऱ्याचा नंबर अजून चालू होता. घरच्यांचा नंबर बदलतो, साहेबांचा बदलतो. म्हणून पोस्टरवर एखादा तरी न बदलणारा नंबर हवा, ठाण्याचा लँडलाईन किंवा संस्थेची हेल्पलाईन.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. किशोरभाऊ आणि निशिगंध, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल विशेष. अधिकार पोलिसांचे हे माझं म्हणणं अजूनही तेच आहे, पण वेळ, विश्वास आणि आठवण ठेवणं हे संस्थांकडून येतं, आणि घरच्यांना ते वेगळं मागायला लागू नये असं आता वाटतंय. ठाण्यातूनच सांगितलं पाहिजे की या संस्थेशीही बोला.

आता मूळ गोष्टीवर येते. ग्रुपवर फोटो आला तर मी नेमकं काय करायचं?

पाऊलवाट

फोटोखाली ठाण्याचं नाव, मिसिंग किंवा गुन्हा नंबर आणि तारीख आहे का बघ. नसेल तर पाठवणाऱ्याला विचार, पुढे पाठवू नकोस. असेल तर ठाण्याला फोन लाव, "अजून शोध चालू आहे का" एवढंच विचार. तुझ्याकडे खरंच काही माहिती असेल तर ती ग्रुपवर लिहू नकोस, ठाण्यात किंवा हेल्पलाईनवर सांग. ग्रुपवर लिहिलेलं घरचे वाचतात, आणि मुलीला घेऊन गेलेला माणूसही वाचू शकतो.

आणि माणूस सापडल्याचं कळलं की फोटो डिलीट करायला सगळ्यांना सांग. सापडलेल्या मुलीचा फोटो पुढे फिरत राहतो, कॉलेजमध्ये कोणीतरी विचारतं "तूच ना ती हरवलेली", आणि ती परत घर सोडायचा विचार करते. हे आम्ही बघितलंय.

मनमौजी

आणि प्रत्यक्ष काम करायचं असेल तर? शनिवार-रविवार मोकळा असतो मी.

सुमेधा_वकील

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे पॅरालीगल स्वयंसेवक म्हणून अर्ज कर. ते प्रशिक्षण देतात. वर जुना_अंमलदार यांनी ठाण्यातल्या ज्या स्वयंसेवकाबद्दल लिहिलंय तो असाच नेमला जातो. मात्र काही ठाण्यांत ड्युटी आठवड्याच्या मधल्या वारीही लागते, ते आधी विचारून घे.

मनमौजी

सोमवारी जाऊन येतो आणि इथेच लिहितो.